कोपरा दुमडलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. म्हातारी खुशाल म्हणा, बिचारी तेवढं म्हणू नका.

तरुणपणी मी गिंडीच्या रेसकोर्सवर धावले. पुढे वेग कमी पडू लागला, तेव्हा मालकाने मला मद्रासच्या कॉलेजातल्या पोरांच्या रायडिंग क्लबला देऊन टाकलं. तिथला मोतद्दार एकोजी तंजावरकडचा मराठी माणूस. माझं इंग्रजी नाव त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने मला तुळजा केलं. मराठी मी त्याच्याकडून शिकले. रुसणं मात्र माझं माझं.

क्लबचा सगळा कारभार पोरांचाच. दरवर्षी मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या, थंडीत ती निरनिराळ्या कॉलेजांच्या स्पर्धा भरवत. सुरूच्या बल्ल्यांचे अडथळे स्वतः रोवत, चुन्याच्या रेघा स्वतः ओढत. एक नियम मोठा कडक होता. स्वतःचा घोडा आणायचा नाही. पितळी तांब्यातून चिठ्ठी काढायची आणि जे नाव निघेल त्या घोड्यावर बसायचं. घोडा तीनदा अडला की बाद.

मी अडायची. का अडू नये? एका हाताने लगाम खेचून थांब म्हणणार, दुसऱ्या हाताने चाबूक मारून चल म्हणणार. ऐकायचं तरी कुठल्या हाताचं? दोन वर्षं मी एकालाही शेवटच्या रेघेपर्यंत नेलं नाही. सगळे म्हणाले, घोडी हट्टी आहे. हो, आहे!

अठ्ठावन्न साली व्यंकट नावाचा विद्यार्थी क्लबचा सेक्रेटरी होता. "या वेळी फेरी पुरी केली नाही तर हिला जटक्याला देऊन टाकू," असं तो माझ्यादेखत म्हणाला. जटका म्हणजे मद्रासचा टांगा. म्हणजे जन्मभर स्टेशनाबाहेर उभं राहायचं आणि चाबूक खायचा! वर हाच व्यंकट माझ्या चंदीच्या पेटीवर बसून चिठ्ठ्या करत होता. माझ्या चिठ्ठीचा त्याने कोपरा दुमडला आणि आपल्या दोस्तांच्या कानात तसं सांगून ठेवलं. माझा नुसता संताप संताप झाला.

दोस्तांनी कोपरा चाचपून मला टाळलं. मग सरोजाची पाळी आली. स्पर्धेत उतरलेली ती एकटीच मुलगी, एकोजीसारखीच तंजावरी मराठी बोलणारी. अंगात भावाची खाकी विजार, पाठीवर लांब वेणी. तिच्या हाताला नेमकी माझीच चिठ्ठी लागली, आणि व्यंकटचा चेहरा उतरला.

"अय्यो, हिच्यावर नको बसू. पडशील. दुसरी चिठ्ठी काढ."

"मुलांत कोणाला दुसरी दिली काय?" सरोजाने विचारलं.

"नाही, पण..."

"मग मज का?" असं म्हणून तिने आपला चाबूक त्याच्याच हातात दिला. "हा ठेव तुझ्यापाशी."

पहिले दोन अडथळे मी पार केले. तिसऱ्यापाशी सवयीने थांबले. झालं, सगळं मैदान खो खो हसलं! एकोजीने डोक्याला हात लावला. फाटकाशी जटकावाला आधीच येऊन उभा होता, मेल्याच्या खांद्यावर दोरही तयार होता. "चाबूक घे, चाबूक!" कुणीतरी ओरडलं. सरोजा पुढे वाकली. मला वाटलं, आता ही तोंड खेचणार. तिने लगाम आणखी सैल सोडला.

"तुळजा," ती माझ्या कानाशी म्हणाली, "मज भय वाटतंय. पण मी उतरणार नाही. कसं जायचं, तूच सांग."

इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं हो! मी स्वतःहून थोडी मागे गेले, कान टवकारले आणि उडी घेतली. मग थांबते कशाला! उरलेले सगळे अडथळे पार झाले आणि एक बल्ली हलू दिली नाही.

एकदा अडल्यामुळे आमचा नंबर चौथा आला. असेना का! शेवटची रेघ आम्ही ओलांडली होती. जटकावाला हात हलवत परत गेला. पुढच्या वर्षी व्यंकटने चिठ्ठ्यांचं काम आपण होऊन सरोजाकडे दिलं, आणि तिने सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या दुमडल्या.

मित्रांनो, मुक्या जनावरांवर दया करा, असं मी आता म्हणेन म्हणून तुम्ही वाट बघत असाल. मला दया नको. लगाम सैल धरा आणि चाबूक घरी ठेवा. आणि चिठ्ठीत माझं नाव निघालं तर तोंड वाकडं करू नका. तुम्ही माझ्या वाट्याला येता, तेव्हा मला कुठे दुसरी चिठ्ठी काढता येते?