मायच्या हातावरचं

तंबूतल्या पडद्यावरचं पोरगं आभाळाकडं हात पसरून मेलेल्या आईला हाका मारत होतं आणि मार्कंड्याची अर्धी जत्रा त्याच्यासोबत रडत होती. गाणं हिंदीतलं. शब्द निम्मेच कळत होते, पण रडायला तेवढे पुरत होते. गिरजा आत्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पलीकडची जाडी बाई हातातले फुटाणे विसरली होती. गोकुळाच्या बापानं, डोमानं, सिनेमाच्या इंजिनाचा धूर डोळ्यात गेल्याचं निमित्त करून दोनदा उपरणं फिरवलं.

कोरडी होती ती एकटी गोकुळा. वय वर्षं दहा. माय, वच्छला, मागच्या श्रावणात तापानं गेलेली. घरातून निघताना शेजारणी बजावत होत्या, पोरीले सिनेमात नेऊ नका, लय रडन. आणि ही मांडी ठोकून बसली होती, फाटक्या जाळ्याची गाठ तपासावी तशी पडद्याकडं बघत.

"आत्या, याची माय याले ओळखन कशी?"

"चूप बस व. लोकं पाहून राह्यले."

"तिच्या हातावर गोंदन कुठी आहे? कोरा करकरीत हात. तिकडं वर बाया का कमी असतीन? त्यातली याची कोनती, हे याले कोन सांगन?"

मागून एक बाप्या फिसकन हसला. "घ्या! सिनेमावाल्याची चूक पोरीनं धरली."

"माय मेलेली अन् तोंड पाहा पोरीचं," जाडी बाई फुटाण्यांकडं परतत म्हणाली. "दगड आहे दगड."

गोकुळानं तिच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. दगड नव्हती ती. तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि पक्कं ठाऊक असलेल्या माणसाला रडायची घाई नसते. मायला तिरडीवर ठेवायच्या आधी बायांनी नाकातली फुली काढली, गळ्यातली पोत काढली, पायातले वाळे साबणाचं पाणी लावून ओढले. गोकुळा खांबाला धरून बघत होती. सगळं उतरलं, पण डाव्या हातावरचं हिरवं गोंदण कुणाच्यानं उतरवलं गेलं नाही. मायच सांगायची, बाईचा दागिना घरात राहतो, गोंदन तेवढं संगं जाते. मग झालं तर. मायजवळ खूण आहे. आता तीच खूण आपल्या हातावर काढून घ्यायची. पुढं कधी भेट झाली, तर हात पुढं करायचा, की काम झालं. त्यासाठीच ती दोन कोस चालत जत्रेला आली होती. सिनेमा आत्यासाठी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाचे शिंगाडे विकून होताहेत तोच तिनं त्याचं धोतर ओढलं. चिंचेखाली गोंदणारी म्हातारी बसली होती. पुढ्यात काजळाची वाटी, एकत्र बांधलेल्या तीन सुया, आणि तिच्या स्वतःच्या हातांवर बोट ठेवायला कोरी जागा नाही.

"काय काढू, नातीन?"

"माह्या मायच्या हातावर होतं तेच. डाव्या हातावर. जाळं."

"झाड," डोमा म्हणाला.

गोकुळानं मान वर केली. "जाळं गा, बाबा. फेकाचं जाळं. वरून एक दोर, खाली पाच दोऱ्या पसरलेल्या, अन् टोकाले शिसाच्या पाच गोळ्या."

"काहीतरीच. मोहाचं झाड होतं. खाली बुंधा, वर पाच फांद्या, अन् फांदीफांदीले फूल. बारा वर्स पाह्यला मी तो हात."

"मी रोज पाह्यला!"

"अन् मी का डोळे मिटून होतो?"

"अरे, दोघंही हळू," गिरजा आत्या मधे पडली. "मले इचारान तं एक फुलपाखरू होतं असं..."

"आत्या!"

"मी आपली आठवून राह्यली व."

म्हातारी हसली नाही. सुया तिनं वाटीच्या कडेला टेकवून ठेवल्या. "आधी ठरवा. सुई टोचली का मंग पुसता येत नाई."

तेव्हा मात्र गोकुळानं पुढं केलेला हात मागं घेतला. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला खात्री वाटेना. आपलं चुकत असलं तर? तिकडं माय झाडवाली पोरगी शोधत बसेल आणि ही जाळं पुढं करून उभी. आणि हातच जर आठवत नसला, तर मग तो आवाज, ती भाताच्या वाफेतली हाक, तो डोक्यातून फिरणारा पंजा, हे तरी खरं कशावरून? तिनं बापाकडं पाहिलं. बापाचं तोंड तिच्याहून उतरलेलं. तोही त्याच पाण्यात बुडत होता.

"तू सांग," म्हातारी डोमाला म्हणाली. "बाईचा हात तुले कोन्या येळी दिसे?"

डोमा ओशाळला. बायकोच्या हाताची गोष्ट चारचौघांत कोण सांगतं? पण पोरीकडं बघून त्यानं सांगितलं. "बाजाराले जाताना. मासोळ्याचं टोपलं तिच्या डोक्यावर. डावा हात वर, टोपल्याले लागलेला. मी मागून चालो."

"अन् तुले व?"

"निजताना. माय कुशीत घे. हात माह्या अंगावरून टाके, तं कोपर माह्या कपाळापाशी राहे. डोळे उघडले का समोर तेच."

म्हातारीनं गिरजेचा हात ओढला. काजळात बोट बुडवून कोपराच्या अंगाला एक जाड रेघ काढली, तिथून मनगटाकडं पाच रेघा फाकवल्या, टोकांवर पाच ठिपके दिले.

"धर टोपलं डोक्यावर."

गिरजेनं रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन हात वर केला. बुंधा खाली, फांद्या वर. डोमानं बोटानं पाचही फांद्या मोजल्या.

"आता बस खाली. घे पोरीले जवळ, अन् टाक हात."

आत्याच्या अंगाला शिंगाड्यांचा वास येत होता, मायचा नाही. पण कोपर कपाळापाशी आलं, पंजा खाली गेला, आणि गोकुळाच्या डोळ्यांसमोर दोर सुटला, पाच दोऱ्या पसरल्या, पाच गोळ्या तळाला निघाल्या. जाळं. तेच. अगदी तेच.

ती आत्याच्या हाताखालीच रडू लागली. मोठ्यानं, भोकाड पसरून. सिनेमातल्या पोरालाही असं जमलं नसतं. जत्रेतले चार लोक थांबून बघू लागले. गिरजेनं हात तसाच ठेवला, काजळ लुगड्याला लागलं तरी.

"आठवलं होतं मले," गोकुळा म्हणत राहिली. "बाबा, बरोबर आठवलं होतं मले."

"अन् मलेही, पोरी," डोमा म्हणाला.

मग म्हातारीनं सुया उचलल्या. टोचता टोचता ती पोरीचं ध्यान दुसरीकडं न्यायला गुणगुणत होती:

"चांदीची व वाकी, राह्यली माह्या घरी,
हिरवं हे गोंदन, संगं येते दूरवरी.
फुल्या फुल्या मोज बाई, नको मोजू सुया,
तुह्या व हातामंधी, मायच्या हाताची छाया."

गोकुळा मात्र सुयांकडंच बघत होती. रडणं मघाशीच उरकून घेतलं होतं. शेवटच्या ठिपक्याला तिनं उलट सूचना दिली, "आज्जी, हा जरा मोठा होता." आणि डोमानं मान हलवून दुजोरा दिला.

परतताना हळदतेलानं माखलेला हात ठणकत होता. नदीची वाळू ओलांडून गाडीवाटेला लागल्यावर गोकुळानं बापाच्या खांद्यावरचं रिकामं टोपलं मागून घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि डावा हात वर नेऊन धरलं.

"दुखन ना तो हात," आत्या ओरडली. "उजव्यानं धर!"

"डाव्यानंच धराचं असते."

ती झपाझप चालू लागली. थोड्या वेळानं लक्षात आलं, बापाची पावलं सोबत नाहीत. तिनं टोपलं न हलवता मान वळवली. डोमा दहा हात मागं होता, उपरण्यात हात गुंडाळून, तिच्याकडं बघत.

"बाबा, मागं काऊन राह्यला गा? पाय दुखून राह्यले का?"

"नाई," डोमा म्हणाला. "तू चाल समोर. मी मागूनच बरा."