लातुरात ऊन कमी पडलं

जगात कुठं काय कमी पडायचं ते पडो, लातुरात ऊन कमी पडणार नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत आलो. परवा आमच्या सुनेचा रक्ताचा रिपोर्ट आला. ड जीवनसत्त्व : नऊ. पाहिजे होतं निदान वीस.

धम्मप्रियाला सहावा महिना. ग्लुकोज पाजून तपासलेली साखरही चढलेली. डॉक्टर महादेवी म्हणाल्या, "या दोन्हींचा संबंध असावा असं म्हणतात, संशोधन चालू आहे. पण ते संपेपर्यंत बाळ थांबणार नाही. गोळ्या घ्या, खाण्यावर लक्ष ठेवा, जेवल्यावर चाला. आणि रोज थोडं ऊन. घरात येतं ना?"

"मुबलक!" मी म्हणालो. सुनेनं रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला.

भूकंपानंतर आम्ही चार महिने अंगणात झोपलो होतो. डोक्यावर छत म्हटलं की धडकी भरायची. मग क्लासेस आले. अंगणावर पत्रे चढले, खाली मेस बसली. गच्चीवर खोल्या झाल्या, त्यात नीटची बारा पोरं. आजूबाजूला चार-चार मजली होस्टेलं. धम्मप्रिया स्वतः सकाळी सात ते संध्याकाळी सहा काळ्या काचांच्या हॉलमध्ये जीवशास्त्र शिकवते. गेल्याच आठवड्यात तिनं चारशे पोरांना शिकवलं, उन्हानं कातडीत ड जीवनसत्त्व कसं तयार होतं. ट्यूबलाइटखाली.

माझं डोकं फिरलं. गावानं डॉक्टर काढायचा कारखाना टाकला आणि त्यापायी गरोदर बाईचं ऊन खाल्लं! क्लासवाले, बिल्डर, महापालिका, सगळ्यांचा उद्धार करत रविवारी अकरा वाजता मी खुर्ची उचलली. "चल गं. बघतो कोण अडवतंय."

आधी आमच्या हिनंच, सरजाबाईनं, अडवलं. "उन्हात बसवून पोर काळं करायलाव का?"

"काळं झालं तर तुमच्यावर गेलं म्हणू, आत्या," सून म्हणाली आणि जिना चढू लागली.

वरच्या दारात बारा पोरांतला किनवटचा मारोती वही घेऊन उभा. "काका, मॅडमला न्हाई येता येत. नियम हाय."

"कुठल्या गाढवानं केला?"

त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. पाटी होती. 'मुलांच्या अभ्यासात व्यत्यय नको. घरातील बायकांनी गच्चीवर येऊ नये.' खाली घरमालकाची सही. झोकदार, वळणदार. माझीच.

"अक्षर छान हाय मामा," सून म्हणाली. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी पाटी खिळ्यासकट उपटली. धम्मप्रियानं माझ्या हातातली खुर्ची घेतली, गच्चीच्या मधोमध टाकली, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि डोळे मिटून बसली. बारा पोरं पुस्तकं सोडून बाहेर आली. मला जोर चढला. "ऐका रे! उद्यापासून या गल्लीतल्या एकूण एक गच्चीवर पहिला हक्क बायांचा! हे ऊन कुणाच्या बापाचं..."

खालून सरजाबाईची हाक आली.

"ए पोरी, वर बसूनच राहिलीस तर ही मिरची तेवढी पसर. आन् मधूनमधून हलवत जा."