गोवराला ओळखणारी

मी एक जुनी पेशी आहे. मला नाव नाही आणि मला कुणी पाहिलेलेही नाही. देवळाली प्रवराच्या एका वस्तीवर मालनबाई राहते. तिच्या मानेत पांढऱ्या पेशींची एक छोटीशी गाठ आहे, तिथे माझा मुक्काम असतो. ती पाहते ते मला दिसते, ती ऐकते ते मला ऐकू येते, तिला लागते ते मला लागते. फक्त माझे बोलणे तिला ऐकू जात नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यभराची चिडचिड या एका वाक्यात आली.

माझा जन्म तापात झाला. मालन तेव्हा काष्टीला माहेरी होती, परकर-पोलक्यातली पोर. गोवराचा विषाणू तिच्या नाकावाटे आत शिरला. हा विषाणू मोठा लबाड. त्याला स्वतःचे घर नाही, चूल नाही. तो पेशींच्या घरात घुसतो, त्यांच्याच चुलीवर आपली पिलावळ वाढवतो आणि मग पुढचे दार गाठतो. शत्रूला सुखाने वाढता येऊ नये म्हणून शरीराने आपला जाळ मोठा केला. त्यालाच तुम्ही ताप म्हणता. तोवर आत शोधाशोध चालली होती. आम्हा पांढऱ्या पेशींत प्रत्येकीला एकच चेहरा ओळखता येतो. गोवराचा चेहरा ओळखणारी एक सापडली आणि तिच्यापासून आम्ही लाखो बहिणी जन्मलो. बहिणींनी प्रतिपिंडे तयार केली. ती विषाणूला जाऊन चिकटतात, मग त्याला नवे दार उघडता येत नाही. लढाई संपली, बहिणी मेल्या. मला आठवण म्हणून मागे ठेवले.

पण मी आजूबाजूला पाहिले तर जागा ओस पडलेल्या. गोवर आला की जुन्या आठवणी सांभाळणाऱ्या पेशींनाही मारतो. हगवणीला ओळखणाऱ्या, खोकल्याला ओळखणाऱ्या कितीतरी शेजारणी गेल्या होत्या. मालन पुढे वर्षभर सारखी आजारी पडत राहिली. घरचे म्हणायचे, "पोरगी मुळातच नाजूक हाय." मी आत तळमळत होते. नाजूक नव्हती हो ती, लुटली गेली होती!

मालन मोठी झाली, लग्न होऊन देवळालीला आली. तिला मूल झाले नाही. धाकटी जाऊ अश्विनी हिला मुलगी झाली, कार्तिकी, आणि मालनबाईने ती उचलून जणू आपल्याच पोटाशी बांधली. दूध अश्विनीने पाजायचे, बाकी सगळे मालनबाईने. घरात तिचा शब्द शेवटचा. तो शब्दच पुढे नडला.

कार्तिकीला पहिल्या सुया वेळेवर टोचल्या. त्यातल्या एकीनंतर पोर रात्रभर फणफणली आणि मांडीला गाठ आली. मालनबाई घाबरून गेली. मला आतून सांगावेसे वाटत होते, बाई, ही तालीम आहे. खोट्या पहिलवानाशी झुंज लावून देतात, म्हणजे खरा आला तर पोर चीत होत नाही. पण सांगणार कशी?

नंतर आरोग्य केंद्राच्या अरफा सिस्टर लसींची निळी पेटी खांद्याला लावून वस्तीवर आल्या.

"मालनताई, कार्तिकीचं गोवराचं इंजेक्शन राहिलंय. अंगणवाडीत आणलं नाही म्हणून मीच आले."

"न्हाई द्यायचं," मालनबाई म्हणाली. "मागल्या टायमाला पोरगी किती तापली ठावं हाय का तुमाला?"

"ताप येतोच ताई, तो उतरतोही. गोवराचा ताप निराळा असतो."

"मला झाल्ता की गोवर लहानपनी. मेले का मी? हाय का न्हाई तुमच्याम्होरं धडधाकट?"

अश्विनी दाराआडून म्हणाली, "ताई, देऊन टाकू या का?"

"तू गप गं. तुला काय कळतंय!"

सिस्टर पुन्हा आल्या, तेव्हाही हेच झाले. मी संतापाने फुटायची बाकी होते. गोवर कसा असतो, हे त्या अंगणात मला सोडून कुणाला पक्के माहीत होते? आणि मला अंगात घेऊन हिंडणारी बाईच त्याला दार उघडून देत होती.

उन्हाळ्यात काष्टीला मालनबाईच्या चुलतभावाच्या घरी लग्न होते. मांडवात एक पोरगे खोकत, नाक पुसत सगळ्यांच्या कडेवर फिरत होते. कार्तिकीने त्याच्या हातातला लाडू घेतला. माझ्याशिवाय कुणाचे तिकडे लक्षही नव्हते.

घरी परतून दीड-दोन आठवडे होत आले तेव्हा पोरीला ताप भरला. डोळे लाल झाले, नाक वाहू लागले. मग कानामागून पुरळ उठले आणि चेहऱ्यावरून छातीवर उतरले. मालनबाईने ओळखले. दाराला कडुनिंबाचे डहाळे लावले, घरातली फोडणी बंद केली आणि सांगितले, "देवीआईच्या पायानं आलंय, तसंच जाईल. औषध-पानी करायचं न्हाई."

पोर दिवसभर तिच्या खांद्यावर. कार्तिकी खोकली की विषाणू थेट मालनबाईच्या नाकात. मी त्याला पाहताक्षणी ओळखले. इतक्या वर्षांनी! भराभर माझ्या लेकी जन्माला आल्या, प्रतिपिंडांचा लोंढा सुटला आणि शत्रू उंबऱ्यातच आडवा झाला. मालनबाईला साधी शिंकही आली नाही.

"बग," ती अश्विनीला म्हणाली, "पोरीला रातंदिस उराशी घेऊन बसले, मला काय झालं का? नशीब लागतं."

नशीब! मित्रांनो, माझ्या एवढ्या वर्षांच्या पहाऱ्याला तिने नशीब म्हटले. पण त्याहून मोठे दुःख वेगळेच होते. कार्तिकीचा गाल मालनबाईच्या मानेला टेकलेला होता. माझ्यात आणि त्या लेकरात कातडीचे तेवढे अंतर. मला ते ओलांडता येत नव्हते. विषाणू या अंगातून त्या अंगात उडी मारतो. आम्हा राखणदारांना ती मुभा नाही.

पुरळ काळवंडले, तरी ताप हटेना. विषाणूने दारे मोडून ठेवली होती आणि आता दुसरेच जिवाणू कार्तिकीच्या फुप्फुसात शिरले होते. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. अश्विनीने ते पाहिले आणि पोरीला मालनबाईच्या खांद्यावरून काढून घेतले.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्यात. हे फॅक्टरीवरून येतील तवा येतील."

"अगं, आईचा कोप—"

"ताई, तुमचं आजवर समदं ऐकलं. आज न्हाई ऐकायची. येनार असाल तर टेम्पोत बसा."

मालनबाई बसली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली आणि लगेच ऑक्सिजन सुरू केला. मग विचारले, "गोवराची लस दिली होती?"

मालनबाई म्हणाली, "न्हाई. मीच नको म्हनले. मला झाल्ता गोवर, मी वाचले, म्हनून..."

"तुमच्याबरोबर घरात आणखी कुणाला झाला होता?"

"माझ्या धाकल्या भावाला. कानिफनाथ."

"ते आता कुठं असतात?"

मालनबाईने कार्तिकीच्या उडणाऱ्या छातीकडे पाहिले. तिच्या छातीचे ठोके मला गाठीत ऐकू येत होते.

"न्हाई तो. त्याच गोवरात गेला. दम लागून. अश्शीच छाती उडत हुती त्याची." आणि मग लहान पोरीसारखी म्हणाली, "आई म्हनली हुती, देवीनं नेला."

डॉक्टर तिला रागावून एक शब्दही बोलले नाहीत. "औषधं चालू केलीत," ते म्हणाले. "अ जीवनसत्त्वाचा डोसही देतो. लेकराजवळ बसा."

कार्तिकी वाचली. पण घरी आली ती काडी होऊन. आत तिच्याही जुन्या आठवणी सांभाळणाऱ्या पेशी गेल्या होत्या. कधी हगवण, कधी खोकला, तिचे सुरूच राहिले. डॉक्टरांनी सांगितलेल्या राहिलेल्या सुया मालनबाईने स्वतः नेऊन टोचवल्या. मला वाटले, आता तरी या तळमळीतून सुटले.

पावसाळ्यात अरफा सिस्टर आल्या तेव्हा मालनबाई शेजारच्या केशरबाईच्या दारी गेली. केशरबाईचा नातू अजून लसीविना होता.

"केशरबाई, नातवाला घेऊन चल. सिस्टर आल्यात."

"कशाला बाई सुया? तुझी कार्तिकी सुईबिगरच उठली की गोवरातून."

मालनबाईला सांगायचे खूप होते, पण कुठून सुरू करावे ते कळेना. "अगं, तसं न्हाई ते," एवढेच ती म्हणाली.

"बगू म्होरच्या महिन्यात," म्हणत केशरबाईने दार लोटले. मालनबाई त्या बंद दाराशी उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिला माझ्यासारखे वाटत असावे.

मित्रांनो, मी आता थकले आहे. मालनबाईबरोबर एक दिवस मीही जाईन. माणसे शेत मागे ठेवतात, दागिने ठेवतात, नाव ठेवतात. मला मात्र त्यांना कुणाच्या नावे करून देता येत नाही. प्रत्येक लेकराला आपली राखणदारीण आपल्याच अंगात घडवावी लागते. ती घडवायला गोवराची वाट पाहू नका. तो शिकवतो खरा, पण शिकवणीच्या बदल्यात काय मागेल, हे आधी सांगत नाही.