रविवारी नऊचा फोन

मी एक जुना लाल टेलिफोन आहे. आळे गावाच्या शिवारातल्या एका वस्तीवर, गोरखभाऊंच्या किराणा दुकानात, चहापत्तीच्या डब्यांमागे पडून असतो. माझी वायर कधीच कापली गेली आहे. तरीही रविवारी सकाळी नऊ वाजले की माझ्या पोटातली घंटा आता वाजेल असं मला वाटतं. ती वाजत नाही. मित्रांनो, तेवढी दोन मिनिटं मला नकोशी होतात. का, ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर तिथे आठवण्यासारखं काही नव्हतंही. मला जाग आली ती एक्याण्णव साली, गोरखभाऊंनी नारळ फोडून मला फळीवर ठेवलं तेव्हा. अख्ख्या वस्तीवर मी एकटाच! मुंबईला, पुण्याला गेलेल्या प्रत्येक पोराच्या खिशातल्या चिठ्ठीवर माझाच नंबर असे. फोन आला की सरूबाई, म्हणजे गोरखभाऊंच्या पत्नी, दारात उभ्या राहून हाक मारायच्या आणि ज्याचा फोन तो हातातलं काम टाकून पळत यायचा. माणसं माझ्याशी फार ओरडून बोलायची. मुंबई लांब आहे, तर आवाजही तेवढाच मोठा हवा, असा त्यांचा हिशेब. टीव्ही पाहणारी पोरं तर मला उचलून हिंदीत सुरू व्हायची आणि पलीकडे आपला सख्खा मामा आहे हे कळल्यावर लाजायची.

रविवारी नऊचा फोन मात्र कुशाबाईंचा. त्यांचा एकुलता एक मुलगा नवनाथ वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर कामाला होता. कुशाबाई साडेआठलाच वेणीफणी करून दुकानाच्या पायरीवर येऊन बसायच्या. नवनाथ काही विचारायचा आणि त्या नुसती मान हलवायच्या.

"आई, तोंडानं बोल. मान हलवल्याली मला हितं दिसत न्हाई," तो म्हणायचा.

"आरं व्हय की," म्हणून त्या हसायच्या आणि पुन्हा मान हलवायच्या. त्या मायलेकरांचं बोलणं फार मोठं नसे. जेवलास का, खोकला आहे का, म्हैस व्याली का. पण ते ऐकायला मला आवडायचं.

आता या भागातली एक रीत सांगायला हवी. मेल्याची बातमी फोनवर द्यायची नाही. पोरगं एकटं असतं, परमुलखात असतं, वाटेत कोसळलं तर? म्हणून माणूस गेलं असलं तरी सांगायचं, "जास्त झालंय, निघून या." ही रीत मायेतून आली होती, यात शंका नाही. गोरखभाऊंचा त्यात हातखंडा होता. असे फोन त्यांनी माझ्यावरून किती केले असतील त्याला गणती नाही. पलीकडच्यालाही सगळं कळायचं. तो "दवाखान्यात नेलं का" असं विचारायचाच नाही. तो विचारायचा, "पावण्यांना कळवलं का?" म्हणजे मयतीचा निरोप गेला का, एवढंच. सात वर्षांत "जास्त झालंय" या वाक्याचा अर्थ निराळा निघाला असं एकदाही घडलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत कुशाबाई आजारी पडल्या. डॉक्टर घरी येऊन गेले आणि म्हणाले, आता आशा धरू नका, मुलाला बोलावून घ्या. कुशाबाई पूर्ण शुद्धीत होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्याही बाजूला सारला. "नवनाथ ईल, त्याच्या हातानं पिईन," म्हणाल्या. शेवटचं पाणी लेकाच्या हातून मिळावं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती.

सकाळी आठला गोरखभाऊ धावत आले आणि त्यांनी गाळ्यावर फोन लावला.

"नवनाथा, आईला जास्त झालंय. निघून ये."

नवनाथ हळूच म्हणाला, "मामाला कळवलं का?"

मला धडकी भरली. नवनाथ समजून चुकला होता, आणि भलतंच समजला होता. गोरखभाऊंचं अर्धं लक्ष कुशाबाईंच्या घराकडे. ते म्हणाले, "न्हाई अजून. तू बघ त्यांचं." आणि त्यांनी मला खाली ठेवलं.

भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर कान आणि तोंड दोन्ही होतं, पण ते दुसऱ्यांसाठी. सगळ्या जगाचं बोलणं माझ्यातून गेलं, मला मात्र "थांब, ती जिवंत आहे" एवढं म्हणता आलं नाही. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते.

नवनाथ माळशेज घाटानं थेट आला असता तर दोनपर्यंत आईजवळ पोहोचला असता. पण मेलेल्या बाईच्या अंगावर माहेरचं पातळ पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. कुशाबाईंचं माहेर मंचरचं, आणि मामाकडे फोन नव्हता. तो पुण्यामार्गे मंचरला गेला. मामा मळ्यात होता, त्याला शोधलं. दोघांनी बाजारपेठेत जाऊन पातळ घेतलं. दुकानदारानं रंग विचारला तेव्हा नवनाथनं "हिरवं नको" म्हणून सांगितलं, कारण आई विधवा होती. त्या वेळी ती आई इकडे सरूबाईंना दर थोड्या वेळानं विचारत होती, "फोन आला का? निघाला का त्यो?" आणि सरूबाई दुकानात येऊन माझ्याकडे बघून जात होत्या.

चार वाजता कुशाबाई गेल्या. पाच वाजता नवनाथ पिशवीत पातळ घेऊन आला. वस्तीवरची चार म्हातारी माणसं म्हणाली, "बरं झालं, पातळ येळेवर आलं." त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक?

दहावं झाल्यावर नवनाथ दुकानात आला. "गोरखभाऊ, तुमचा फोन आला तवाच ती गेली असं मी धरून चाललो," तो म्हणाला. "ती किती वाजता गेली म्हणता?"

गोरखभाऊंचा हात तागडीवरच राहिला. आपल्या सांगण्यानं काय झालं ते त्यांना तेव्हा कळलं. "चारला," ते म्हणाले. "पण सकाळपासनं शुद्ध नव्हती रं. तिला काय बी कळलं न्हाई."

सरूबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. पुन्हा तीच माया आणि पुन्हा तेच खोटं. जित्याची खोड, दुसरं काय म्हणू?

त्यानंतरच्या रविवारी नऊ वाजता मी वाजलो. गोरखभाऊंनी उचललं. "हॅलो?" कोणी बोललं नाही. फक्त श्वास आणि मधूनच खोकला ऐकू येत होता. दोन मिनिटांनी तोही बंद झाला. पुढच्या रविवारी तसंच, आणि त्याच्या पुढच्याही. वस्तीवर बोभाटा झाला की कुशाबाई फोन करतात. रविवारी त्या वेळी पोरं दुकानात गोळ्या घ्यायलासुद्धा येईनात. मित्रांनो, भूत नव्हतं ते. भुताला खोकला होत नाही. नवनाथच होता. आईच्या वेळेला तो फोन लावायचा आणि काही विचारायचं धाडस न होऊन गप्प राहायचा. गोरखभाऊंनी त्याला ओळखलं होतं, पण तेही बोलायचे नाहीत. मला कानाशी धरून बसून राहायचे. दोन जिवंत माणसं माझ्या दोन टोकांना अशी सात वर्षं गप्प बसली. ती शांतता माझ्यात इतकी मुरली आहे की आजही तीच ऐकू येते.

मग घरोघरी मोबाईल आले. मला कोणी विचारेना. माझ्यावर धूळ बसली, एक बटण आत गेलं ते कोणी दुरुस्त केलं नाही. दोन हजार पाच साली गोरखभाऊंनी माझी लाईन बंद करायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी नऊला मी वाजलो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती.

"नवनाथा," गोरखभाऊ म्हणाले, "ही लाईन उद्या बंद व्हणार. मी तुला खोटं सांगितलं व्हतं. तुझी आई शुद्धीत व्हती. दिसभर तुझी वाट बघत व्हती."

श्वास थांबला. मग सात वर्षांनी पलीकडून शब्द आला. "पाणी?"

"न्हाई घेतलं. तुझ्याच हातनं घेणार म्हणाली. चूक माझी हाय. ती जिती हाय, असं मी तुला सांगायला पायजे व्हतं."

नवनाथ रडू लागला. फार मोठ्यानं, लहान मुलासारखा. गोरखभाऊंनी मला कानापासून हलवलं नाही. गिऱ्हाइकं साखरेच्या पुड्यांसाठी थांबली होती, त्यांतल्या कोणीही घाई केली नाही. रडून झाल्यावर तो म्हणाला, "मला वाटतच व्हतं, भाऊ. पर तुमी सांगस्तवर मला रडता बी येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी माझी वायर कापली.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. तुमच्या खिशातले फोन माझ्याहून फार हुशार आहेत, पण चुकीचं बोलणाऱ्याला अडवणं त्यांनाही जमत नाही. ते तुम्हालाच जमायला हवं. दुरून कोणाला घरच्या आजाराची खबर द्यायची वेळ आली, तर मायेपोटीसुद्धा आडवळणानं बोलू नका. माणूस जिवंत असेल तर आधी तेवढं सांगा, आणि जमलं तर फोन त्याच्या तोंडाशी धरा. तो नुसती मान हलवेल कदाचित. पलीकडच्याला तेवढंही पुरेल, आणि तो सरळ वाटेनं घरी येईल.