शर्टाच्या आत राहिलेली फळी

मी फळी बोलतेय. लढाईतली पहिली फळी वगैरे नव्हे. इस्त्रीच्या दुकानात शर्टाची घडी घालायला लागते ती, साधी, वीतभर रुंदीची. त्याआधी मी एका खोक्याचं झाकण होते. थोरल्या मालकांनी मला मापात कापलं, पॉलिशपेपरने घासलं आणि माझे कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यात धागा अडकतो.

माझं काम सोपं. शर्ट पालथा घालायचा, कॉलरखाली मला ठेवायचं, दोन्ही बाजू माझ्यावर दुमडायच्या, बाह्या आत घ्यायच्या, खालचा भाग वर आणायचा आणि मला सर्रकन ओढून काढायचं. थोरल्यांचा दुकानात एकच नियम होता, "आधी फळी बाहेर, मग शर्ट बाहेर."

एकदा त्यांनीच तो मोडला. समोरच्या शाळेतले मास्तर दुसऱ्या दिवशी मला हातात नाचवत आले. "अहो, शर्ट मागितला होता, पाट कशाला दिलात?" सगळे हसले, थोरले सगळ्यांत जास्त. मलाही गंमत वाटली. तेवढंच मास्तरांचं कपाट बघून झालं!

मग ते पुन्हा झालं. मग शर्टांच्या बाह्या बाहेर लोंबू लागल्या. मग थोरले दुपारभर एकाच शर्टाची घडी घालायचे, मोडायचे, परत घालायचे. साठी बुद्धी नाठी, लोक म्हणाले. थोरले साठीला पोचलेच नव्हते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी त्यांना आपला मुलगाही ओळखू येईना.

दुकान त्या मुलाकडे आलं. हे नवे मालक भारी चेष्टेखोर. शर्टावरून माणूस ओळखायचे. "हा बघ, गळ्याचं बटण घट्ट लावणारा. घरात याचं कुणी ऐकत नसणार." त्यांची लेक, आमची ताई, शेजारी उभी राहून सगळं शिकली. तिच्या धाकट्या भावाला एका जागी उभं राहणं जमेना, म्हणून त्याने घरोघर कपडे पोचवायचं काम धरलं. मालकीणबाई इस्त्री फिरवायच्या. बरे दिवस होते ते.

एका सकाळी एक नर्सबाई हसत हसत आल्या आणि मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "तुमची फळी आमच्याकडे पाहुणी आली होती बरं का!"

ताई हसली नाही. मालकीणबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. मालक तेवढे हसले, अगदी थोरल्यांसारखे.

मग दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यातल्या एका फेरीनंतर ताईने धाकट्याला दुकानात बसवून सगळं सांगितलं.

"शरीर प्रथिनं तयार करतं ना, त्यातल्या प्रत्येकाची ठरलेली घडी असते. ती बरोबर पडली तरच ते काम करतं."

"आणि चुकली तर?"

ताईने एक शर्ट वेडावाकडा दुमडला आणि त्यावर दुसरा दाबला. "तर ती एकमेकांना चिकटत जातात. बिघडलेलं एक शेजारच्या चांगल्यालाही बिघडवतं. मेंदूत त्यांचे थर साचतात, पेशी मरतात. बाबांच्यात असं एक प्रथिन बनवायची सूचनाच जन्मापासून चुकीची आहे. आजोबांकडून आलेली."

"मग आपल्यात?"

"असेल किंवा नसेल. दोन्हीची शक्यता सारखीच. तुझं वेगळं, माझं वेगळं. रक्त तपासलं की कळतं."

"औषध?"

"बरं करणारं नाही."

धाकट्याने गठ्ठा उचलला. "मला नाही जाणून घ्यायचं," म्हणाला आणि सायकलवर बसून निघून गेला. ताईने मात्र रक्त दिलं.

मला फार वाईट वाटलं, असं इथे म्हणायला हवं. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. मी लाकूड आहे. पण घरातली माणसंही तशीच झाली होती. कुणी रडलं नाही. कपडे येत होते, कॉलरी ताठ होत होत्या. मालक खुर्चीत बसून मोज्यांच्या जोड्या सोडवत होते.

तपासणीचं कळायचं होतं त्या दिवशी ताई दवाखान्यातून आली, मला उचललं आणि शेजारच्या सुताराकडे घेऊन गेली. त्याने माझ्या टोकाला भोक पाडलं. दुखलं नाही.

"टांगायला का?" त्याने विचारलं.

"हो," ताई म्हणाली.

दुकानात येऊन तिने भोकातून दोरी ओवली आणि दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधायला बसली.

"काय म्हणाले डॉक्टर?" मालकीणबाईंनी विचारलं.

ताई गाठ मारत राहिली.

"दोरी कशाला गं? तू तर फळी कधीच विसरली नाहीस."

"अजून नाही, आई."

मालकीणबाईंनी इस्त्री उभी केली. खाली वाकल्या आणि ताईच्या गाठीवर दुसरी गाठ मारली. मग दोघी आपापल्या कामाला लागल्या.

तेव्हापासून मी बांधलेली आहे. ताई मला ओढते, बाजूला ठेवते, पुढचा शर्ट घेते. दोरी अजून एकदाही ताणली गेलेली नाही. पण दोरीच ती, झिजणारच. उद्या तुटली आणि मी तुमच्या शर्टातून निघाले, तर मला परत आणून द्या; दुसरी फळी तिच्या हाताला बसायची नाही. आणि दारात उभं राहून हसू नका. त्या दिवशी हसणारी एकटी ताईच असेल.