धुतलेल्या काचा

मित्रांनो, उज्जैनच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी अंगाचा, जरा तिरक्या मानेचा. डोळ्यांना दिसत नाही ते दाखवायचं आणि बघणाऱ्याला थक्क करायचं, हे माझं काम. पण एका खंडेनवमीला मीच असा हादरलो, की अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म जर्मनीतला. ग्वाल्हेर संस्थानच्या काळात मी इथे आलो. कौतुक भरपूर झालं, काम मात्र बेताचंच. बडे पाहुणे आले की माझ्यावरचं कापड निघे, ते गेले की पुन्हा अंधार. स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं, तरी मी आपला कपाटातच! एखादं अवघड दुखणं असलं की त्याचा नमुना विलायतेला जाई. उत्तर येईपर्यंत बहुधा रोगीच गेलेला असे. मी इथे असताना! फार अपमान वाटे मला.

मग डॉक्टर दुर्गाबाई आल्या. मेंदूच्या रोगांचं शिक्षण विलायतेत घेऊन त्या मुद्दाम उज्जैनला परतल्या होत्या. "माणसं इथली, दुखणी इथली, मग अभ्यास तेवढा तिकडे का?" असं म्हणत त्यांनी मला कपाटातून काढलं, पुसलं आणि खिडकीशी ठेवलं. त्या दिवशी मी खरा जन्मलो.

गावातल्या फ्रीगंज भागात गोपाळकृष्णराव नावाचे रेल्वेतले बाबू राहत. त्यांचे हातपाय आपोआप हलत, चेहरा वेडावाकडा होई. त्यांच्या वडिलांनाही हेच झालं होतं, आणि धाकटे भाऊ प्रभाकर यांचाही हात आता थरथरू लागला होता. घराला एकच धास्ती होती, मुलगी रजनी हिलाही हे होणार का? शेवटी शेवटी गोपाळकृष्णराव दुर्गाबाईंना म्हणाले, "मी गेल्यावर माझं दिमाग घ्या. पण बाहेर भेजू नका. हे दुखणं काय आहे ते इथंच बघा, माझ्या रजनीसाठी."

ते गेले. दुर्गाबाईंनी मेंदूतला कामाचा तेवढा सगळा भाग मेणात बसवला, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप केले आणि काचांवर चिकटवले. उरलेला मेंदू बरणीत राहिला. आता कापांना रंग द्यायचा, म्हणजे मला सगळं दिसणार. पण रंग मुंबईहून मागवायचा होता. राजधानी ऋतूप्रमाणे बदले, म्हणून त्याची फाइल उन्हाळ्यात इंदूरला जाई, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. तेवढ्यात नवं राज्य व्हायचं ठरलं आणि फाइल भोपाळच्या वाटेला लागली! काचा बिचाऱ्या ताटात वाट बघत पडल्या.

खंडेनवमी आली. मराठी घरांत या दिवशी कामाची हत्यारं धुऊन पुजतात. दवाखान्यातही ती रीत होती. गोपाळकृष्णरावांच्या पत्नी अक्का झेंडूची फुलं घेऊन आल्या. आपला माणूस त्या बरणीत आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बरणीपुढे फूल ठेवलं, डोळे पुसले. मग त्यांना त्या काचा दिसल्या, मेणाने माखलेल्या. दुर्गाबाई रोगी तपासायला गेल्या होत्या. अक्कांनी कढत पाण्यात सोडा टाकला आणि पदर खोचला.

मित्रांनो, मी बघत होतो! मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. एकेक काच त्यांनी घासली, पुसली, माझ्यापुढे ओळीने मांडली आणि प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलं.

दुर्गाबाई दारातच थबकल्या.

"बघा ताई, किती गंद्या झाल्या होत्या काचा! एकदम चकाचक करून टाकल्या," अक्का म्हणाल्या.

दुर्गाबाईंनी एक काच उचलून माझ्याखाली ठेवली. मी जीव तोडून शोधलं. काहीच नव्हतं. दुसरीतही नाही. कुठल्याच काचेवर नाही. त्यांनी पहिली काच पुन्हा माझ्याखाली ठेवली.

"काय झालं?" अक्का घाबरल्या.

"अक्का, ते बरणीत नव्हते. ते या काचांवर होते."

अक्कांनी आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग पुटपुटल्या, "माझ्या रजनीचं उत्तर... मीच धुतलं?"

"चूक माझी आहे. मी तुम्हाला आत बोलावून कधी काही दाखवलंच नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात रंगाच्या बाटल्या आल्या. त्या बघून मला रडू फुटायचंच बाकी होतं.

दिवाळीनंतर प्रभाकर आले. हातावरचा ताबा आता पार सुटला होता. त्यांनी मला कुंकू लावलं, ते माझ्या पायावर सांडलं. "डॉक्टरबाई, माझी बारी आली की माझं घ्या," ते म्हणाले, "पण आधी आमच्या वहिनीला सगळं समजवून ठेवा."

त्या दिवसापासून दुर्गाबाई शिकवू लागल्या. डॉक्टरांना, नर्सना, झाडणाऱ्यांना आणि अक्कांनाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हा यंत्रांना फुलं खुशाल वाहा, पण आम्ही काय करतो ते घरादाराला दाखवा. कापडाखाली झाकून ठेवू नका आम्हाला. ज्ञान मोजक्यांच्याच हाती राहिलं, तर प्रेमाचा हातही ते पुसून टाकतो.

काही वर्षांनी प्रभाकररावांच्या काचा तयार झाल्या. रंग चढलेल्या, निळ्या-जांभळ्या. त्या दिवशी रजनीच्या घरचं दुखणं मी पहिल्यांदा पोटभर पाहिलं. एकेक काच कडेला धरून, श्वास रोखून, अक्काच माझ्याखाली ठेवत होत्या.