शिडीखालचा अबोला

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. बारा पायऱ्यांची, त्यातली सातवी चिरलेली आणि तारेने बांधलेली. अंगावर इतक्या घरांचे रंग सांडले आहेत की माझा मूळ रंग मलाही आठवत नाही. खरं सांगू का मित्रांनो, आता मी थकले आहे. पण उभं राहणं हेच जिचं काम, तिला बस म्हणणार कोण?

मला घडवून झाल्यावर सुतार हात फिरवून म्हणाला होता, "ही काही लवकर दगा द्यायची नाही." त्यानंतर कौतुक असं कानावर आलंच नाही. लोक भिंतीची वाहवा करतात आणि शिडीला मागच्या दाराने बाहेर काढतात.

माझा मालक रंगारी. तो वर चढायचा आणि त्याची बायको खालच्या पायरीवर पाय रोवून मला धरायची. त्यांची एक रीत होती. खालच्याने सतत बोलत राहायचं. वरच्याने खाली बघायचं नाही, आवाजावरूनच ओळखायचं की आपलं माणूस जागेवर आहे. म्हणून ती दिवसभर बोलायची. शेजारणीची कुरकुर, भाजीत जास्त झालेलं मीठ, लेकीचा हट्ट. तो वरून नुसता हुंकार द्यायचा. कष्ट दोघांना सुटले नव्हते, पण हसणंही सुटलं नव्हतं.

एकदा घरमालकासमोर ती म्हणाली, "हा पिवळा वाळल्यावर भडक दिसेल हो." त्याने तिला तिथेच झटकलं, "तुला काय कळतंय रंगातलं? तू आपली शिडी धर." घरमालक हसला. तिचा चेहरा उतरला आणि तिने अबोला धरला.

तो वर चढला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आहेस ना गं?" ती होती. दोन्ही हातांनी मला घट्ट धरून होती, फक्त बोलली नाही. त्याला वाटलं, ही रागावून निघून गेली. त्याने मान वळवून खाली पाहिलं, तोल गेला आणि तो बादलीसकट खाली आला. मी लाकडाची. मला ओरडता आलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, आता शिडी विसरा. "मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर..." हे ती कितीदा तरी रडत म्हणाली. मी महिनाभर बाहेर पावसात पडून होते. सातवी पायरी चिरली ती तेव्हाच. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. काम असंच बंद राहिलं असतं, तर चूलही बंद पडली असती.

शेवटी एका सकाळी तिने कंबर कसली, पायरीला तार गुंडाळली आणि मला खांद्यावर घेतलं. एका दवाखान्याची खोली रंगवायची होती. तो खुर्चीत बसून मला धरू लागला आणि ती चढली. पाचव्या पायरीवर ती अडली आणि तिने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. बोलायची पाळी आता त्याची होती, पण हुंकार देण्यात जन्म गेलेल्या माणसाला शब्दच सुचेना.

"अहो, बोला की काहीतरी!" ती कळवळून ओरडली.

त्याने घसा खाकरला. "तो पिवळा... भडकच दिसला. तुझंच बरोबर होतं. चारचौघांत तुला तसं बोललो, चुकलं माझं."

वर शांतता. मला धसकाच बसला.

"हे सांगायला मी इतकी वर चढायची वाट बघत होतात होय?" ती म्हणाली, आणि दोघेही हसत सुटले. मी हादरले, पण तिचा पाय आता घट्ट होता. तिने छताला रंगाचा पहिला हात मारला.

आता तो फार बोलतो, आणि तेच तेच बोलतो. ती वरून "पुरे हो!" म्हणते, पण तो गप्प झाला की लगेच हाक मारते. मी दमलेली असले तरी त्या दोघांमध्ये उभं राहायला मला आवडतं.

मित्रांनो, काम झालं की मला पावसात टाकू नका. चढण्याआधी माझी तार एकदा ओढून बघा. आणि भांडण काय, खुशाल भांडा. पण आपलं माणूस वर असताना गप्प बसू नका. रुसायचंच असेल, तर आधी त्याला खाली उतरू द्या.